आत्याबाईंचा लेप

आमच्या हसनाबादच्या घरीं देवघराशेजारच्या कोनाड्यांत एक जुनी सहाण आहे. तिच्या मधोमध इतका खोलगट खळगा पडला आहे कीं, पहिल्यानें पाहणाराला ती वाटीच वाटावी. देवाचें गंध उगाळण्यासाठीं म्हणून ती घरांत आली असेल. परंतु माझ्या आठवणींत तिच्यावर देवापेक्षां माणसांसाठींच अधिक कांहीं उगाळलें गेलें. सुंठ, वेखंड, आंबेहळद, रक्तचंदन, जायफळ. ज्याला जें लागे तें आत्याबाई उगाळीत, पळींत घेऊन चुलीवर कोमट करीत आणि दुखऱ्या जागेवर लावून वर एरंडाचें गरम केलेलें पान बांधून देत. लहान वयांत वैधव्य येऊन त्या भावाच्या घरीं परत आल्या, त्यानंतर साठ वर्षें हा क्रम अखंड चालला. गांवांत कोणाचा पाय मुरगळो, कोणाच्या पोराला सर्दी होवो, कोणाचें डोकें दुखो. आमच्या ओसरीवर कोणी ना कोणी येऊन बसलेलें असावयाचेंच.

मी संभाजीनगरास, त्या वेळच्या औरंगाबादेस, रसायनशास्त्र शिकावयास गेलों आणि सुटींत घरीं आलों, कीं आत्याबाईंच्या या वैद्यकीची थट्टा करणें हा माझा आवडता उद्योग असे. “आत्याबाई,” मी म्हणें, “माणसाची कातडी म्हणजे अंगावर शिवून घातलेलें मेणकापड आहे. नदीच्या डोहांत तासभर डुंबलें तरी थेंबभर पाणी कोणाच्या पोटांत शिरत नाहीं. मग तुमची सुंठ आंत शिरणार कोठून?” आत्याबाई हातांतली सुंठ न थांबवितां एवढेंच म्हणत, “बिब्बा लावून बघ एकदा. मग सांग कुठून शिरतो ते.”

बिब्ब्याचें तेल अंगावर उतलें म्हणजे काय होतें, हें मराठवाड्यांत कोणास सांगावयास नको. दोन दिवसांनीं फोड येतात, अंग सुजतें आणि आठवडाभर झोंप लागत नाहीं. त्या एका उत्तरानें माझें मेणकापड फाटलें होतें. परंतु शिकलेल्या माणसाला आपलें मत फाटल्याचें सहसा लौकर कळत नाहीं. मीं हंसून तो विषय सोडून दिला, आणि पुढें सारें आयुष्य जालन्यास मुलांना रसायनशास्त्र शिकविण्यांत घालविलें.

२०१९ च्या उन्हाळ्यांत आत्याबाईंच्या जबड्याखालीं सूज असल्याचें प्रथम आमच्या ध्यानांत आलें. प्रथम आमच्या ध्यानांत आलें, असेंच म्हटलें पाहिजे; कारण त्यांना स्वतःला ती चार महिन्यांपासून ठाऊक होती. रोज रात्रीं त्या तिच्यावर आपलाच लेप लावीत होत्या आणि पदराआड ती झांकीत होत्या. लहानपणापासून दांतांना मिश्री लावण्याची त्यांना संवय. त्या काळ्या पुडीनें पन्नास-साठ वर्षांत आपलें काम केलें होतें. संभाजीनगरच्या डॉक्टरांनीं तपासून मला बाजूला घेतलें आणि विचारलें, “चार महिने आधी का नाही आणलंत?” या प्रश्नाचें उत्तर मजपाशीं नव्हतें. ज्या लेपानें गांवचीं दुखणीं हलकीं केलीं, त्यानेंच हें दुखणें आमच्यापासून लपवून ठेविलें, हें मला आजहि विसरतां येत नाहीं. आणि लेपाविषयीं पुढें जें कांहीं चांगलें मी लिहिणार आहें, तें ही गोष्ट बाजूला सारून लिहूं नये, म्हणूनच ती येथें आधीं सांगितली.

व्हावयाचे उपचार झाले. वय ऐंशीच्या वर. डॉक्टरांनीं अधिक छळ करूं नये, घरीं न्यावें, वेदना मात्र होऊं देऊं नयेत, असें सांगितलें. प्रथम मॉर्फिनच्या गोळ्या होत्या. पुढें घसा मिटत चालला, पाण्याचा घोंटहि उतरेना, आणि गोळी देणें ही एक नवीच वेदना होऊन बसली. तेव्हां डॉक्टरांनीं फेंटानिलची पट्टी लिहून दिली. दोन बोटें रुंदीचा, पारदर्शक, चिकट असा तो तुकडा. तीन दिवस अंगावर ठेवावयाचा, चौथ्या दिवशीं काढून दुसऱ्या जागीं नवा लावावयाचा.

ती मिळविणें सोपें नव्हतें. अफूच्या गुणाचीं औषधें १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याखालीं येतात, आणि त्या कायद्याच्या धाकानें अनेक वर्षें आपल्या देशांतील असंख्य रोगी वेदना सोसतच गेले. २०१४ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन मॉर्फिन, फेंटानिल इत्यादि औषधें ‘आवश्यक’ म्हणून वेगळीं काढण्यांत आलीं आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना तीं ठेवणें सुलभ झालें. तरी खेड्यांतल्या दुकानांत जाऊन मागावें आणि मिळावें, अशी ही वस्तु नव्हे. माझा पुतण्या दर खेपेस एस. टी.नें संभाजीनगरास जाई आणि देवाचा अंगारा आणावा तशी ती पुडी छातीशीं धरून आणी.

पहिली पट्टी परिचारिकेनें आत्याबाईंच्या उजव्या दंडावर लावली. तेथें देवी काढल्याच्या दोन जुन्या वाटोळ्या खुणा होत्या. व्रणाच्या जागीं पट्टी लावीत नाहींत म्हणून तिनें ती बोटभर बाजूस घेतली. आत्याबाई बराच वेळ दंडाकडे पाहत राहिल्या आणि दबलेल्या आवाजांत म्हणाल्या, “हाही लेपच की रे.” मला त्या वेळीं त्यांच्याशीं वाद घालण्याचें धैर्य नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर मुद्दाहि नव्हता.

औषध म्हणजे गिळावयाची वस्तु, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु गिळलेलें औषध रक्तांत मिसळण्यापूर्वीं यकृताच्या नाक्यावरून जातें, आणि तेथें त्यावर जबर जकात बसते. कांहीं औषधांचा तर बहुतेक माल नाक्यावरच संपतो. सुईनें दिलेलें औषध हा नाका चुकवितें, पण एकदम येतें आणि लौकर ओसरतें. त्वचेवाटे जाणारें औषध नाकाहि चुकवितें आणि ठिबकत ठिबकत, एकसारखें, दिवसेंदिवस येत राहतें. १९७९ सालीं अमेरिकेंत अशा पहिल्या पट्टीस मान्यता मिळाली; ती कानामागें लावावयाची होती आणि ज्यांना गाडी किंवा बोट लागते त्यांच्यासाठीं होती. तिच्यांतील स्कोपोलॅमिन हें द्रव्य आपल्याकडील उकिरड्यावर उगवणाऱ्या धोतऱ्यांतहि असतें. मागाहून हृदयशूळासाठीं नायट्रोग्लिसरिनची पट्टी आली, १९९० मध्यें फेंटानिलची आली, आणि १९९१ मध्यें तंबाखू सोडूं पाहणारांसाठीं निकोटिनचीहि आली. ज्या विषानें आत्याबाईंच्या हिरड्यांतून साठ वर्षें वाट काढली, त्याच विषाचा मोजका अंश त्वचेंतून देऊन त्याची गुलामी तोडावयाची, ही युक्ति मला तेव्हां माहीत असती तर! पण तो विचार आतां व्यर्थ आहे.

मग ही वाट सर्वच औषधांना कां मोकळी नाहीं? आपल्या त्वचेच्या अगदीं वरच्या बाजूस मृत पेशींचा एक पापुद्रा असतो. त्याची जाडी मिलिमीटरचा शंभरावा ते पन्नासावा भाग, म्हणजे वहीच्या कागदाहूनहि पुष्कळच कमी. पण सारी राखण तोच करतो. शास्त्रज्ञ त्याला विटांच्या भिंतीची उपमा देतात. पेशी या विटा, आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्य हा चुना. विटांतून कोणी जाऊं शकत नाहीं. जावयाचें तें चुन्यांतून, वळणें घेत घेत. त्यामुळें जो कण लहान आणि तेलाशीं सलगी करणारा, त्यालाच प्रवेश मिळतो. पांचशें डाल्टन वजनापलीकडचा कण सहसा आंत जात नाहीं, असा एक ढोबळ नियम सांगतात. फेंटानिलच्या कणाचें वजन सुमारें ३३६. शिवाय तें इतकें तीव्र कीं, मॉर्फिनच्या शंभराव्या हिश्शानें काम भागतें. याच्या उलट मधुमेह्याला लागणारें इन्सुलिन सुमारें ५८०० चें. तें दाराशीं आलें तरी उंबरठ्यावर अडकून पडतें. पाणी डोहांत शिरत नव्हतें तें याच चुन्यामुळें, आणि बिब्ब्याचें तेल शिरत होतें तेंहि याच चुन्यामुळें. माझें म्हणणें आणि आत्याबाईंचें म्हणणें हीं दोन्ही खरीं होतीं. फरक इतकाच कीं, त्यांना दोन्ही ठाऊक होतीं आणि मला एकच.

त्वचेच्या या दाराला औषध आणि विष यांतला भेद कळत नाहीं, हेंहि आम्हां कापूस पिकविणारांनीं ध्यानांत ठेवावयास हवें. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन सुमारें वीस शेतकरी व शेतमजूर दगावले. कांहींच्या श्वासावाटे विष गेलें, कांहींच्या भिजलेल्या सदऱ्यावाटे. पाठीवरचा पंप गळतो, सदरा चिंब होतो, वर ऊन तापतें, घामानें कातडी भिजते. आणि त्या भिजल्या-तापल्या दारानें विष बिनबोभाट आंत येतें. तोंड बांधलें म्हणजे झालें, असें समजणाराला हें दार दिसतच नाहीं.

आतां त्या रात्रीची गोष्ट सांगतों. पट्टी लावल्यावर औषध प्रथम त्वचेंत सांठतें आणि मग रक्तांत येतें. पुरता गुण यावयास बारा ते चोवीस तास लागतात. डॉक्टरांनीं तोंवर जिभेखालीं द्यावयास थोडें औषध दिलें होतें, तरी पहिली रात्र वाईटच गेली. वैशाखाचा उकाडा, वीज गेलेली, आणि आत्याबाईंचें कण्हणें. पहांटे तीनच्या सुमारास मला डोळा लागला. जाग आली तों पाहतों, सूनबाई तव्यावर वाळूची पुरचुंडी तापवून आत्याबाईंच्या दंडाशीं घेऊन बसली आहे आणि आत्याबाई डाव्या हातानें पट्टीवर शेक घ्यावयास सांगत आहेत.

मी धांवतच गेलों आणि ती पुरचुंडी हिसकावून घेतली. रुग्णालयांत मला बजावलेलें होतें: पट्टीवर शेक नको, गरम पाण्याची पिशवी नको, उन्हांत बसणें नको. माझा आवाज चढला. “साऱ्या जन्माचा अडाणीपणा आतां तरी सोडा!” असें कांहींसें मी बोलून गेलों. आत्याबाईंनीं माझ्याकडे पाहिलें. त्यांचा ओठ सुजलेला होता. शब्द धड फुटत नव्हता. “अरे, शेकल्यावाचून औषध मुरायचं कसं?” त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

उजाडल्यावर मी पट्टीच्या पुडींतला बारीक अक्षरांचा कागद चष्मा लावून वाचावयास बसलों. शेक कां नको, याचें कारण त्यांत दिलें होतें. उष्णतेनें त्वचेंतील रक्तवाहिन्या फुलतात, औषधाचा वेग वाढतो, आणि सांठलेलें औषध एकदम रक्तांत येतें. नुसत्या तापानें अंग चाळीस अंशांवर गेलें तरी रक्तांतील औषध सुमारें एक-तृतीयांशानें वाढूं शकतें. मग तापल्या वाळूची गोष्टच नको. अशा वेळीं श्वास मंदावतो आणि माणूस झोंपेंतच जातो. कागद माझ्या हातांतच राहिला. शेक वर्ज्य होता तो शेकानें औषध मुरत नाहीं म्हणून नव्हे. तें फार मुरतें म्हणून! आत्याबाईंनीं जें सांगितलें होतें तें अक्षरशः खरें होतें. उष्णतेनें कणांची गति वाढते, हें पस्तीस वर्षें मी फळ्यावर लिहीत आलों होतों, आणि माझ्याच घरांत तें सूत्र कोणी बोलून दाखवितांच मी त्याला अडाणीपणा म्हटलें.

पुढें एकएक गोष्ट उलगडत गेली. लेप ओला असतांनाच त्याचा गुण, सुकला कीं धुवून टाकावा, असें आत्याबाई म्हणत. भिजलेल्या त्वचेची भिंत सैल होते, असें आजचें शास्त्र म्हणतें. वर एरंडाचें पान बांधीत; आज त्या जागीं प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, आणि त्याचें कामहि तेंच: ओल आणि ऊब आंत कोंडून ठेवणें. चोळणें, भिजविणें, ऊब देणें, झांकणें या चार रीतींनीं त्या साठ वर्षें त्वचेचें दार ठोठावीत होत्या. त्यांना माहीत नव्हतें तें एकच: किती माल आंत गेला, हें मोजावयाचें कसें. सुंठ थोडी अधिक गेली तर कांहीं बिघडत नाहीं. फेंटानिल थोडें अधिक गेलें तर माणूस जातो. जुनी विद्या आणि नवी विद्या यांच्यामध्यें जें अंतर मला दिसतें, तें या मोजमापाचें आहे, अकलेचें नव्हे.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसलों. पट्टीचा गुण आतां येऊं लागला होता. कपाळावरच्या आंठ्या सुटल्या होत्या. “आत्याबाई, तुमचं खरं होतं,” मी म्हणालों, “शेकानं औषध मुरतं. पण हे औषध इतकं कडक आहे की जास्त मुरलं तर जीव जाईल. म्हणून नको म्हटलं.” त्या कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “असं नीट सांगावं माणसानं. ओरडायचं कशाला?” पुढील सर्व पट्ट्या त्यांनींच दिवस मोजून बदलून घेतल्या. काढलेली पट्टी दुमडून चिकटवून मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशी टाकावी, हेंहि त्या सूनबाईला दर वेळीं आठवण करून सांगत.

त्या दिवसांत रात्रीं त्यांच्या उशाशीं बसून मीं या विषयावर पुष्कळ वाचलें. इन्सुलिनसारखा मोठा कण या दारांतून कसा न्यावा, हा प्रश्न अनेकांनीं हातीं घेतला आहे. त्यांत एक नांव आपल्याकडील मिळालें. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेंतून १९९२ सालीं पदवी घेऊन समीर मित्रगोत्री अमेरिकेंतील एम. आय. टी. मध्यें गेले, आणि तेथें ब्लांकश्टाइन व लँगर या आपल्या गुरूंबरोबर त्यांनीं १९९५ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत दाखवून दिलें कीं, माणसाच्या कानाला ऐकूं येत नाहीं अशा आवाजाच्या लहरींनीं त्वचेंतील तो चुना क्षणभर विस्कटतां येतो आणि इन्सुलिनसारखीं प्रथिनें तींतून पलीकडे जातात. २००४ सालीं या तत्त्वावरील एका उपकरणाला अमेरिकेंत मान्यता मिळाली. तेंहि इन्सुलिनसाठीं नव्हे, तर सुई टोचण्यापूर्वीं त्वचा बधिर करणारें औषध लौकर मुरावें म्हणून. म्हणजे इन्सुलिन अजून उंबरठ्यावरच आहे. इतक्या वर्षांच्या श्रमानें दार थोडें किलकिलें झालें, इतकेंच. आणि ज्याचें काम राखण करणें हेंच आहे त्या दारानें सहज उघडावें, अशी अपेक्षा आपण तरी कां करावी?

माटुंग्याची ती संस्था १९३३ सालची. २०१८ सालीं तिची एक शाखा जालन्यास निघाली. हसनाबादहून एस. टी.नें जालन्यास जाणारीं आमच्या गांवचीं मुलें उद्यां त्याच शास्त्राच्या वर्गांत बसतील, हें मीं आत्याबाईंना सांगितलें. त्यांनीं विचारलें, “तिथं उगाळायला शिकवतात का?” मला हंसूं आलें, पण प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. द्रव्याचा कण किती बारीक करावा, कोणत्या स्निग्ध पदार्थांत मिसळावा, म्हणजे तो भिंतींतून जाईल, हाच त्या साऱ्या शास्त्राचा गाभा आहे. “होय,” मी म्हणालों, “तेच शिकवतात.”

आषाढ लागतां लागतां आत्याबाई गेल्या. शेवटचे सहा आठवडे त्यांना वेदनेनें कण्हावें लागलें नाहीं. दंडावर देवीच्या दोन खुणा आणि त्यांशेजारीं ती पारदर्शक पट्टी: त्वचेवाटे मिळालेलें पहिलें संरक्षण आणि शेवटचें. दोहोंच्यामध्यें ऐंशी वर्षांचें आयुष्य.

त्यानंतर एकदां सुश्रुतसंहिता चाळतांना सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायांत मला लेपाचे नियम आढळले. लेप केसांच्या दिशेनें लावूं नये, उलट दिशेनें लावावा. तसा लावला म्हणजे तो नीट टिकतो, रोमकूपांत शिरतो आणि घामाच्या वाटांनीं आपला गुण देतो, असा त्याचा आशय आहे. सुकलेला लेप ठेवूं नये, हेंहि तेथेंच आहे. मीं पुस्तक मिटलें आणि डोळ्यांपुढें आत्याबाईंचा हात आणला. घोट्यापासून गुडघ्याकडे, खालून वर, नेहमी खालून वर. आत्याबाईंना अक्षरओळख नव्हती. तो नियम त्यांना कोणी सांगितला, हें मीं कधीं विचारलें नाहीं. साठ वर्षांत हसनाबादला जाऊन मी त्यांना पुष्कळ गोष्टी सांगितल्या. विचारली एकहि नाहीं.

गेल्या दिवाळींत नातवाचा पाय मुरगळला. प्रथम जालन्यास नेऊन हाड मोडलें नसल्याची खात्री करून घेतली, तपासल्यावांचून कांहीं लावावयाचें नाहीं हें आतां घरांतल्या सर्वांस पाठ आहे. मग कोनाड्यांतली सहाण काढली. आंबेहळद उगाळली, कोमट केली आणि लावावयास बसलों. “आजोबा, उलटं का लावता?” त्यानें विचारलें. मीं त्याला त्या भिंतीची, विटांची आणि चुन्याची गोष्ट सांगितली. आणि ती मला कोणी शिकविली, तेंहि सांगितलें.